मधला रकाना कोराच

धुकं इतकं दाट होतं, की धुलाईघराची चिमणी अर्ध्यातच संपल्यासारखी दिसत होती. आवारातल्या नळाचं पाणी हाताला चावत होतं. अशा सकाळी आख्ख्या आवारात ऊब असलेली जागा एकच, बॉयलरची खोली. आणि तिथे सगळ्यांच्या आधी पोचणारी बाईही एकच, कोरी.

तिने आल्या आल्या शाल खुंटीला अडकवली, भट्टीचं दार उघडलं आणि आदल्या संध्याकाळी राखेखाली दाबून ठेवलेला विस्तव आकड्याने मोकळा केला. तो आधी कुरकुरला, मग लाल झाला. कोळसा टाकायची तिची एक तऱ्हा होती. फावडं भरून घ्यायचं नाही, अर्धंच घ्यायचं, आणि मनगटाला असा झटका द्यायचा की कोळसा पार मागच्या कोपऱ्यापर्यंत पातळ पसरला पाहिजे. ढीग झाला की नुसता धूर होतो, वाफ नाही. मग बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेखालची तोटी सोडायची, काचेतलं पाणी फस्सकन खाली जाऊ द्यायचं, तोटी बंद करायची आणि ते पुन्हा वर चढतं का ते बघत उभं राहायचं. चढलं. वाफेचा काटा हळूहळू हलायला लागला. सातच्या ठोक्याला इस्त्रीच्या बाया यायच्या, हॉस्पिटलच्या चारशे चादरींचे गठ्ठे उतरायचे, आणि त्या वेळी वाफ कमी पडली तर बाया तोंडाचा पट्टा सोडायच्या. पण नऊ वर्षांत तशी वेळ फार तर तीनदा आली असेल, आणि त्यातली एक कोळशाच्या ठेकेदाराने दगड पाठवले म्हणून.

त्या दिवशी मात्र काटा चढताना बघण्यात तिचं लक्ष नव्हतं. कमरेला खोचलेल्या पिशवीत एक कागद होता. बॉयलर चालवायच्या परवान्यासाठी तिने परीक्षेचा अर्ज केला होता, तो परत आला होता. वर लाल शाईत एकच ओळ: नाव जुळत नाही.

ते नाव कुठलं, हे तिला सांगायची गरज नव्हती. ती जन्मल्यापासून भांडण त्या एकाच जागेचं होतं. अर्जावर तीन रकाने असतात. पहिल्यात आपलं नाव, शेवटच्यात आडनाव, आणि मधल्यात बापाचं. हिचा मधला रकाना रिकामा. जन्माच्या वेळी नोंदणीवाल्या नर्सने आईला विचारलं तेव्हा आई बावीस वर्षांची होती, अंगात ताप होता, आणि ज्याचं नाव लिहायचं तो पाच महिन्यांपूर्वी एक ट्रंक घेऊन निघून गेलेला. आई म्हणाली, रिकामं ठेवा, त्याला गरज वाटली तर तो येऊन भरेल. तो आला नाही. रकाना तसाच राहिला, आणि शाळेत हजेरी घेताना मास्तर तिच्या नावाशी आले की मधेच अडखळायचे, जिना उतरताना एक पायरी नाहीशी व्हावी तसे. पोरांना तेवढं पुरलं. दुसरीत असताना कुणीतरी तिला कोरी म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तिने दोघांना बदडलं, एकीच्या वेणीला हिसका दिला, एकदा स्वतःचं नाक फोडून घेतलं, आणि शेवटी एका दुपारी फळ्यावर स्वतःच खडूने मोठ्या अक्षरात कोरी लिहून खाली सही ठोकली. त्यानंतर चिडवण्यात कुणाला मजा राहिली नाही.

तरी एकदा तिने तो रकाना भरला होता. तेव्हा ती नऊ वर्षांची. वार्षिक परीक्षेच्या वहीवर तीनही रकाने भरलेले नसतील तर पाच गुण कापणार, असं बाईंनी जाहीर केलं. आदल्याच दिवशी त्यांच्या खोलीतला गळका नळ दुरुस्त करायला एक नळवाला आला होता. त्याने वायसर बदलला, नळ थांबला, पाणी पिऊन तो गेला. पोरीला वाटलं, एवढ्या झटक्यात गळती थांबवणारा माणूस चांगलाच असणार. आईने हाक मारताना ऐकलेलं, आख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाचं नसलेलं त्याचं नाव तिने लिहून टाकलं. निकालाच्या दिवशी वह्यांवरची पूर्ण नावं वर्गात मोठ्याने वाचली गेली, नळवाल्याची पुतणी तिसऱ्या बाकावर बसलेली होती, आणि संध्याकाळ व्हायच्या आत नळवाल्याची बायको दारात हजर. तिने गल्ली डोक्यावर घेतली. आईने तिला आत बोलावलं, बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि म्हणाली, "ताई, तुमचा माणूस इथं अर्धा तास होता आणि त्याचं डोकं मोरीखाली होतं. पोरगी नऊ वर्षांची आहे. आता काय ते तुम्हीच जुळवा."

नळवाल्याची बायको दोन घोट पाणी पिऊन झाल्यावर हसली म्हणतात. जाताना आपल्याही घरातला नळ महिनाभर गळतोय, तिकडे मात्र बघायला त्याला सवड नाही, असं गाऱ्हाणं सांगून गेली.

ती गेल्यावर मार बसणार म्हणून पोरगी कोपऱ्यात सरकली. आईने मारलं नाही. लाज वाटली म्हणून भरलंस का, एवढंच विचारलं. पोरगी म्हणाली, गुण कापतात म्हणून. किती? पाच. मग पाच गेले तर गेले, आई म्हणाली, भाजी चिरायला घे. पुढे शाळा सुटेपर्यंत दर परीक्षेला कोरीचे पाच गुण गेले. ते तिने कधी मागितले नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी ती धुलाईघरात लागली. आई तिथेच चादरींच्या घड्या घालायला होती. मुलीला मात्र घड्या घालण्यात रस नव्हता; ती पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत बॉयलरच्या दाराशी जाऊन उभी राहायला लागली. बॉयलर चालवायचे काका; आख्खं धुलाईघर त्यांना काकाच म्हणायचं. उंच, वाकलेला, भुवया कायमच्या जळलेला माणूस. बायको नव्हती, मूल नव्हतं, आणि बॉयलरशी बोलायची सवय होती. त्यांनी आधी तिला हाकललं. मग राख ओढायला लावलं. मग एक दिवस फावडं हातात दिलं आणि म्हणाले, टाक बघू. तिने टाकलं त्याचा ढीग झाला आणि खोलीभर धूर. खोकत खोकत काकांनी तिचं मनगट धरून कसं वळवायचं ते दाखवलं. पुढची नऊ वर्षं तेच चाललं होतं. परवाना काकांचा, भिंतीवर त्यांचा कागद, पण गेली चार-पाच वर्षं भट्टी बघायची कोरी. काका स्टुलावर बसून आवाज ऐकायचे. पंप खोटा बोलतोय, असं म्हणायचे, आणि पंप खरंच बिघडलेला असायचा. हळूहळू तिलाही ते ऐकू यायला लागलं.

आता काका तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. तोवर कोरीला परवाना मिळाला तर बॉयलर तिचा. नाही मिळाला तर बाहेरून परवानेवाला माणूस येणार आणि ती पुन्हा राख ओढायला. हे सगळ्या धुलाईघराला ठाऊक होतं. परीक्षा पुढच्या महिन्यात. अर्ज दुरुस्त करून द्यायला आठ दिवस.

दुपारी हाताची काजळी धुऊन ती परवान्याच्या कचेरीत गेली. तिथला कारकून भला माणूस होता. त्याने दोन कागद तिच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. एक तिचा अर्ज, मधला रकाना कोरा. दुसरा धुलाईघराने दिलेला नऊ वर्षांच्या अनुभवाचा दाखला, नोकरीच्या पहिल्या फॉर्मावरून उतरवलेला. त्यात मधला रकाना भरलेला होता. स्वच्छ, टाइप केलेल्या अक्षरात. काकांचं नाव.

तिने ते दोनदा वाचलं. कारकून समजुतीने म्हणाला, बाई, घाईत राहून गेलं असेल, हे घ्या पेन, इथं वडिलांचं नाव घाला की झालं, दोन मिनिटांचं काम आहे. तिने पेन घेतलं नाही. हे माझे वडील नाहीत, ती म्हणाली. कारकुनाने चष्मा काढला. मग मात्र काम दोन मिनिटांचं नाही, त्याने सांगितलं. धुलाईघराच्या दफ्तरात दुरुस्ती करावी लागेल. ज्याचं नाव लिहिलंय त्याचं लेखी निवेदन लागेल, की ही माझी मुलगी नव्हे. मग दाखला नव्याने तपासायला जाईल, आणि तो परत येईपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असेल. पुढची परीक्षा वर्षाने.

तो हलक्या आवाजात म्हणाला, "कोण बघायला येतंय? लिहा आणि मोकळ्या व्हा."

"बघायला मी आहे की," कोरी म्हणाली आणि दोन्ही कागदांची नक्कल मागून घेतली.

संध्याकाळपर्यंत बातमी इस्त्रीच्या टेबलांवरून फिरून आली. बायांनी तिला वेड्यात काढलं. एक म्हणाली, आमच्या मधे आधी बापाचं, मग नवऱ्याचं नाव आलंच की, त्यांनी काय दिवे लावले? तू निदान चांगल्या माणसाचं लाव. दुसरी म्हणाली, नाव म्हणजे काय गं, गोणीवरचा शिक्का, आत काय भरलंय ते भरलंय. तिसरीचा नवरा दारूडा होता. ती म्हणाली, तुला नको असेल तर माझ्या पोरांना दे तो रकाना, त्यांचा कोरा करून घेते मी. सगळ्या हसल्या. कोरीही हसली, पण फॉर्म तिने पिशवीतून काढला नाही.

आई मात्र आपल्या बाजूने उभी राहील, असं तिने गृहीत धरलं होतं. घरी आई गुडघ्याला तेल चोळत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, लिही.

कोरीला आपण नीट ऐकलं नाही असं वाटलं.

"लिही म्हणते मी. मी हट्ट केला तेव्हा बावीसची होते, गं. मला वाटलं, मोठा तीर मारला. नंतर प्रत्येक खिडकीशी मला उभं राहावं लागलं आणि प्रत्येक माणूस आधी कागदाकडे बघायचा, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत. आता माझे गुडघे गेले. आणि तो काही पळालेला माणूस नाही. काका आहेत ते. तुला हाताला धरून शिकवलंय त्यांनी."

"म्हणूनच नाही लिहायचं," कोरी म्हणाली. आईने तेलाची वाटी खाली ठेवली आणि तुझं तू बघ म्हणाली. राग नव्हता त्यात, थकवा होता, आणि कोरीला तो रागापेक्षा जड गेला. आजवर त्या रिकाम्या जागेशी भांडताना दोघी होत्या. आता ती एकटी होती, आणि रात्रभर तिला स्वतःशीच कबूल करावं लागलं, की आईचं सगळं म्हणणं बरोबर आहे आणि तरीही आपला हात तिथे वळत नाही.

सकाळी वाफ चढल्यावर तिने काकांपुढे नक्कल धरली. काकांनी ती हातात न घेताच ओळखली. मग सांगितलं ते तुकड्यातुकड्याने. ती नोकरीला लागून महिना झाला तेव्हा ऑफिसने तिचा फॉर्म बॉयलरच्या खोलीत परत पाठवला होता, मधलं नाव नाही म्हणून. ती त्या वेळी राखेच्या खड्ड्यावर होती. काकांनी ऑफिसात जाऊन सांगितलं, माझीच आहे, लिहा. पोरीला पुन्हा कुणी विचारायला नको, एवढंच डोक्यात होतं. नंतर सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नव्हतं; दर वर्षी पगारवाढीचा कागद यायचा, त्यावर ते नाव असायचं, आणि काका तो स्वतः आणून, नाव अंगठ्याखाली दाबून, तिच्याकडून सही करून घ्यायचे. ते वाचावं असं तिच्याही कधी मनात आलं नव्हतं.

तिने निवेदनाचं सांगितलं. ही माझी मुलगी नाही, एवढं लिहून द्यायचं.

काकांनी काट्याची काच अंगठ्याने पुसली. मग म्हणाले, "माझं नाव काय एवढं वाईट आहे का पोरी?"

"चांगलं आहे."

"मग?"

हे कधी बोलावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने फावडं भिंतीला टेकवलं. "काका, ते नाव तिथं ठेवलं, तर तुम्ही मला पोटची पोर म्हणून शिकवलंत असं होतं. त्यात काय मोठं, सगळेच आपल्या पोरांना शिकवतात. मी तुमची कुणी नव्हते. कुणी नसताना शिकवलंत. ते मी पुसू देणार नाही, तुम्हालाही नाही. आणि माझ्या आईने ती जागा रिकामी ठेवली, ती कुणाची तरी वाट बघत नव्हे. आधी असेल. मी मोठी झाले ती त्या जागेसकट. आता कुणी चांगला माणूस मिळाला म्हणून भरायची, म्हणजे इतके दिवस मी अर्धी होते असं कबूल करायचं. मी अर्धी नव्हते."

काकांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि कोळशाची धूळ फार झालीय म्हणाले. नंतरचे दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. बॉयलरशीही बोलले नाहीत. स्टुलावर बसायचे, चहा निवू द्यायचे. इस्त्रीच्या बाया दारातून डोकावून कोरीला डोळ्यांनी बोल लावायच्या. म्हाताऱ्याच्या काळजाला हात घातलास, असं एकीने तोंडावर म्हटलंही. कोरी म्हणाली, घातला. आणि कोळसा टाकत राहिली. तिचं मनगट त्या दोन दिवसांत दोनदा चुकलं, खोलीत धूर झाला. काका खोकले.

तिसऱ्या दिवशी काका दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले. चल, म्हणाले. धुलाईघराच्या ऑफिसात हेडक्लार्कपुढे उभं राहून त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. स्वतःच्या हाताने लिहिला होता, अक्षरं एकमेकांवर चढलेली. ही माझी मुलगी नाही. नऊ वर्षांपूर्वी मी तिला न विचारता माझं नाव लिहायला लावलं, ती चूक माझी. माझा हिच्याशी रक्ताचा संबंध नाही. भट्टीत कोळसा ही माझ्यापेक्षा बरा टाकते.

हेडक्लार्कने कागद वाचला आणि शेवटची ओळ लागत नाही म्हणाला. निवेदनात मुद्द्याचं तेवढंच असावं. त्याने पेन उघडून ती खोडायला घेतली. काकांनी कागदावर तळवा ठेवला.

"मुद्द्याची तीच एक ओळ आहे," ते म्हणाले. "बाकीचं तुमच्यासाठी लिहिलंय. जाईल तर सगळा कागद जाईल, नाहीतर सगळा परत द्या."

हेडक्लार्कने एकदा काकांकडे, एकदा कोरीकडे बघितलं आणि शिक्का उचलला. जुन्या फॉर्मावरचं ते नाव लाल रेघेने खोडलं, बाजूला तारीख घातली. मग पट्टी लावून त्या रकान्यात उरलेल्या कोऱ्या जागेत आडवी रेघ मारायला निघाला. कोरी म्हणाली, रेघही नको. तो म्हणाला, पद्धत आहे. ती म्हणाली, जन्माच्या कागदावर नाही, इथेही नको. खुर्ची ओढून ती समोर बसली, आज वाफ चढलेली आहे, मला घाई नाही, असं तिने सांगितलं. पलीकडच्या टेबलावरच्या टायपिस्टबाई खुदकन हसल्या. हेडक्लार्कने पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली.

परीक्षा अर्थातच हुकली. तीन महिने झाले, काका निवृत्त होऊन गेले. जाताना त्यांनी निरोपाचं भाषण वगैरे केलं नाही. पंपाच्या पॅकिंगकडे लक्ष ठेव म्हणाले, आणि फाटकापर्यंत गेल्यावर परत येऊन तेच पुन्हा सांगितलं. रविवारी ते तिच्या घरी जेवायला यायला लागले. आईशी त्यांचं गुडघेदुखीवरून चांगलं जमलं. दोघं मिळून कोरीला नावं ठेवायची, आणि ती ठेवून घ्यायची.

त्यांच्या जागी परवानेवाला माणूस आला. चाळिशीचा, मिशा पिळलेल्या, गळ्याला मफलर. आल्या आल्या त्याने आपला परवाना काचेत बसवून भिंतीवर लावला आणि फावडं गच्च भरून कोळसा टाकला. खोलीत धूर झाला. सात वाजता बाया ओरडायला लागल्या. कोरी राखेच्या गाड्याशी उभी होती. तिने काही सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं नव्हतं. नऊ वाजता त्याने विचारलं. तेव्हा तिने फावडं घेऊन दाखवलं, अर्धं, मनगटाचा झटका, मागच्या कोपऱ्यापर्यंत. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि पुन्हा एकदा दाखवा म्हणाला.

दुपारी तो कामाच्या पाळ्यांची वही घेऊन बसला. तुमचं पूर्ण नाव सांगा, त्याने म्हटलं. तिने पहिलं सांगितलं, त्याने लिहिलं. मग पेन वर धरून तो थांबला.

"पुढचं घ्या," ती म्हणाली. "मधे काही नाही."

"म्हणजे, राहिलंय?"

"राहिलेलं नाही. आहे तेवढंच आहे."

त्याने खांदे उडवले आणि आडनाव लिहून घेतलं. तो चांगला माणूस निघेल असं तिला वाटलं, पण ते ठरवायला तिला पुढच्या परीक्षेपर्यंत नऊ-दहा महिने होते. पुढच्या परीक्षेचा अर्ज तिने आधीच भरून कचेरीत देऊन ठेवला होता, इतका आधी, की कारकुनाने तो ठेवायला कुठली फाईल काढावी यावर डोकं खाजवलं होतं.

आठवड्यातून एकदा बॉयलर थंड करून नळ्यांतली काजळी काढावी लागते. दोन दिवसांनी तो दिवस आला. कोरीने डोक्याला फडकं घट्ट बांधलं, पुढचं झाकण उतरवलं आणि लांब दांड्याचा ब्रश पहिल्या नळीत घातला. नळ्या बेचाळीस होत्या, आणि तिला घाई नव्हती.